वऱ्हाडात बसून दर्यावरची प्रेमकहाणी लिहायची असेल तर

मी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरी थोडी पानपिंपरी, म्हणजे पिंपळीचा वेल, बाकी पराटी, म्हणजे कपाशी. समुद्र गाठायचा तर रात्रभराची रेल्वे आणि वर अर्धा दिवस. तरीही मी दर्यावरची ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहिली: आंग्र्यांच्या आरमारातला एक कारकून आणि गोव्याकडच्या जहाजमालकाची विधवा, म्हणजे एकमेकांचे सरळसरळ वैरी. चार वर्षं लागली, तीन मसुदे झाले. पहिला मसुदा इतका चुकीचा होता की आठवला तरी कान गरम होतात. त्या चुका तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "काऊन वं, आपल्या वावरात का गोष्टी नाईत? थेट समुद्रात जाऊन रायली!"

तुम्हालाही कोणीतरी हे विचारणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा. माझं उत्तर असं: नागपूरकर भोसल्यांकडे कटक होतं, बालासोरचं बंदर होतं. १७ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांशी तह झाला आणि ते गेलं. तह कुठे झाला? देवगावला, म्हणजे आमच्याच भागात. त्यानंतर तेराच दिवसांनी, ३० डिसेंबरला, खुद्द सुर्जी अंजनगावला शिंद्यांनी तह केला आणि भडोच बंदर सोडलं. पूर्वेचा एक किनारा आणि पश्चिमेचं एक बंदर पंधरवड्याच्या आत आमच्या मातीत बसून कागदावर हातचं गेलं. त्यामुळे आपला आणि समुद्राचा काय संबंध, असं मला कोणी म्हणू नये.

आधी जवळ काय काय हवं

फार काही लागत नाही. एक जाड वही, तीही आडवी रेघ मारून तिथीवार लिहिता येईल अशी. एक पंचांग. तुमच्या निवडलेल्या सालातल्या तिथी आणि इंग्रजी तारखा जुळवून देणारी जंत्री. मोठ्या ग्रंथालयात मिळते. किनाऱ्याचा नकाशा, ज्यात खाड्या आणि खडक दिसतात असा. रस्त्यांचा नकाशा निरुपयोगी. आरमाराच्या इतिहासावरची दोन पुस्तकं, एक मराठी कागदांवर आधारलेलं आणि एक इंग्रजी कागदांवर, कारण दोन्ही बाजू एकमेकांना चोर म्हणतात आणि तुम्हाला दोघांची बाजू लागणार आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण जरूर वाचा, लहान आहे. अभिलेखागारात जाणार असाल तर ओळखपत्र, फोटो आणि काय शोधताय ते एका कागदावर लिहून न्या. "आरमाराविषयी काहीही" असं लिहिलंत तर समोरचा माणूस काहीही देणार नाही.

आणि घरातला एक श्रोता. त्याचं काम शेवटी सांगते.

१. किनारा आणि साल एकाच दिवशी ठरवा

"मराठा काळ" असं धरून लिहायला बसू नका. आरमाराची गोष्ट जवळजवळ शंभर वर्षांची आहे आणि दर वीस वर्षांनी वैरी बदलतो. १६७९ ला खांदेरीवर गेलात तर शिवाजी महाराजांचं आरमार, समोर इंग्रज आणि सिद्दी. १७१८ ते १७२१ घेतलंत तर कान्होजी आंग्रे ऐन जोरात: इंग्रज १७१८ ला खांदेरीवर आपटले आणि १७२१ ला पोर्तुगीजांना बरोबर घेऊन अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर आले तरी हात हलवत परतले. कान्होजी १७२९ ला गेले. पुढे १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार तिथेच जळालं. तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, हे विसरलात तर गोष्ट गाळात गेली समजा.

मी १७२० च्या आसपासचा कुलाबा घेतला, कारण तेव्हा वैर तीनपदरी आहे आणि कोणीच पूर्ण हरलेलं नाही. शोकांतिका हवी असेल तर १७५६ घ्या. वेगळं काही करायचं असेल तर आपल्या भोसल्यांचं बालासोर घ्या. तिथला किनारा इतका उथळ की जवळच्या चांदीपूरला ओहोटीत पाणी काही किलोमीटर मागे सरकतं. नांगरून पडलेल्या वावरासारखा समुद्र! मला ते उशिरा कळलं.

२. वैर नेमकं कशावरून, ते एका ओळीत लिहा

नवख्या लेखकाची पहिली चूक इथेच होते. नायक मराठा, नायिका फिरंगी, म्हणून वैर; एवढ्यावर भागत नाही. दोन माणसं एकमेकांचं काय अडवून बसली आहेत?

त्या काळचं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे कागद. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून या समुद्रात जाणाऱ्या जहाजांना परवाना घ्यायला लावत, त्याला कार्ताझ म्हणत. परवाना नसेल तर जहाज जप्त. आंग्र्यांनी तेच केलं: आमच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक घ्या. इंग्रजांनी म्हटलं, समुद्र तुमच्या बापाचा आहे का? आणि कान्होजींना चाचा ठरवलं. खरं तर दोघे एकच धंदा करत होते, फक्त शिक्का वेगळा. मराठी कागदांत कान्होजी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, आहेत, इंग्रजी कागदांत लुटारू. तुमचा नायक आणि नायिका या दोन शब्दांच्या दोन बाजूंना उभे करा, भांडण आपोआप सुरू होतं.

माझ्या कादंबरीत पहिली भेट माल मोजण्यावरून होते. दस्तकावर तांदळाची पोती दोनशे, शिबाडात, म्हणजे मालवाहू जहाजात, निघतात दोनशे नऊ.

"नऊ पोती चोरटी आहेत."

"मोजणी चोरटी आहे. तुमच्या माणसांना दोनशेच्या पुढे येत नाही. पुन्हा मोजा."

"मी स्वतः मोजतो."

"मोजा. दिवा मी धरते."

आणि तो रात्रभर मोजतो. पहिल्या मसुद्यात याच जागी तलवारबाजी होती, तीन पानं. ती काढून टाकताना वाईट वाटलं, पण मला तलवार कशी धरतात ते ठाऊक नाही. पोती कशी मोजतात ते ठाऊक आहे. बाजार समितीत कापसाच्या मापावरून झालेली भांडणं लहानपणापासून पाहिली आहेत. तुम्हाला जे भांडण माहीत आहे तेच जहाजावर चढवा.

३. सापळा: कैदी बाईची प्रेमकहाणी

हा धडा लांब आहे, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात.

आंग्र्यांच्या इतिहासात एक खरी घटना आहे आणि ती वाचली की प्रत्येक लेखकाच्या तोंडाला पाणी सुटतं. १७१२ च्या नोव्हेंबरमध्ये कारवारहून मुंबईला निघालेली इंग्रजांची जहाजं आंग्र्यांच्या आरमारानं पकडली. त्यात कॅथरीन नावाची एक अगदी तरुण बाई होती. कारवारच्या वखारीतल्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याशी तिचं लग्न लावून दिलेलं, तो वारला. दुसरं लग्न टॉमस चाऊनशी झालं, तो या लढाईत तिच्यासमोर मेला. ती कुलाब्याला कैदेत राहिली आणि १७१३ च्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये दंड भरून सुटली.

मीही पहिल्या मसुद्यात हेच केलं. कैदी बाई, किल्ल्याचा देखणा अधिकारी, खिडकी, चांदणं. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तिला 'नाही' म्हणायची सोय कुठे ठेवलीत तुम्ही?" मी गप्प. नवरा समोर मेलेला, किल्ल्याला चारी बाजूंनी पाणी, आणि जेवण देणारा तोच. यात ती हसली काय आणि लाजली काय, वाचकानं ते प्रेम कसं मानायचं?

उपाय साधा आहे, पण कथानक उलटं करावं लागतं. वैर ठेवा, कैद काढा. माझ्या दुसऱ्या मसुद्यात शिबाड जप्त होतं, नायिका होत नाही. ती जमिनीवरून गोव्याला परत जायला मोकळी आहे, पालखी दाराशी उभी आहे. ती जात नाही, कारण शिबाड सोडलं तर तिच्याकडे काही उरत नाही. थांबणं हा तिचा निर्णय आहे. आणि तिच्याकडेही काहीतरी हवं ज्याच्यासाठी तो तिच्यावर अवलंबून असेल; माझ्या नायिकेला पोर्तुगीज वाचता येतं आणि पकडलेली सगळी पत्रं पोर्तुगीजमध्ये आहेत. आता दोघे एकमेकांना नडू शकतात. अशा दोन माणसांचं जमतं तेव्हा गंमत येते.

खऱ्या माणसांना, कान्होजींना किंवा त्या कॅथरीनला, तुमच्या प्रेमकहाणीत ओढू नका. ते दुरून जाऊ द्या, त्यांचा हुकूम येऊ द्या, बस्स.

४. पावसाळा उलटा करा

आपण विदर्भातली माणसं इथे हमखास चुकतो. आपल्याकडे मृग लागला की कामाला तोंड फुटतं: पेरणी, निंदण, डवरणी, श्वास घ्यायला वेळ नाही. किनाऱ्यावर मृग लागला की काम बंद. होड्या ओढून वर घेतात, शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात लावत नाहीत. आज्ञापत्रातही पाऊस यायच्या आत आरमार सुरक्षित बंदरात छावणीला न्यायची ताकीद आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात ऐन श्रावणात भर समुद्रात लढाई होती. म्हणजे वैशाखात धान रोवल्यासारखं झालं!

पण ही अडचण नीट पाहिली तर लेखकाला मिळालेलं वरदान आहे. नऊ-साडेनऊ महिने लढाई आणि अडीच-तीन महिने सक्तीची शांतता. जहाज वैशाखाच्या शेवटी जप्त करा. निवाडा लांबवा, कारकुनी कामात तो लांबतोच. तेवढ्यात दक्षिणेकडून वारं फिरतं, समुद्र बंद. आता जप्त झालेलं शिबाड अडीच-तीन महिने हलत नाही, त्याची मालकीण हलत नाही आणि ज्यानं जप्त केलं तो रोज समोर. तुमच्या कादंबरीचा सगळा मधला भाग तयार. आणि नारळी पौर्णिमा ही टांगती तलवार: त्या दिवशी समुद्र उघडणार आणि दोघांना आपापल्या बाजूला जावं लागणार.

वहीत बारा महिन्यांचा तक्ता करा. प्रत्येक प्रसंगासमोर महिना लिहा आणि जहाज चालू की बंद ते लिहा. हे न करता पुढे जाऊ नका.

५. समुद्र बघायला जा, पण तिथी बघून

वाचून समुद्र कळत नाही, एकदा तरी जावं लागतं. बडनेऱ्याहून मुंबई, मुंबईहून गेट वे ते मांडवा बोट, मांडव्याहून अलिबाग. मी पहिल्यांदा गेले ती जूनच्या मध्याला, कारण विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात आणि मला तेवढीच सुटी. गेट वेला जाऊन पाहते तर बोट बंद, पावसाळा सुरू झाला म्हणून. वर सांगितलेला चौथा मुद्दा मला तिथे हातात बॅग घेऊन उभी असताना कळला. मग पनवेल, पेण करत एसटीनं गेले. कुलाबा किल्ला समोर दिसत होता आणि मध्ये उसळतं पाणी. पाय न भिजवता परत आले.

दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुटीला जोडून तुळशीच्या लग्नाच्या दिवशी गेले, गणित करून. ते गणित किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतं, तुम्हीही शिका: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण भरती. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊला भरती. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे तीन वाजता. मी दीडला चालायला लागले आणि साडेचारच्या आत परतले. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, म्हणून किल्ल्यात जायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा, माझ्या भरवशावर राहू नका. आणखी एक: अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार हटतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा दोन्ही टोकं गाठतं.

या गणितानं माझा सगळ्यात लाडका प्रसंग मोडला. नायिका अमावास्येच्या मध्यरात्री, काळोखात, ओहोटी साधून किल्ल्यातून चालत किनाऱ्याला येते. किती छान! अलिबागकडच्या एका वाचक बाईंनी मसुदा वाचून एकच ओळ लिहिली: अमावास्येच्या मध्यरात्री भरती असते, तुमची नायिका बुडाली.

मी पंचांग घेऊन बसले. पंचमीची पाऊणपट पावणेचार. म्हणजे वद्य पंचमीला रात्री दहाच्या सुमारास ओहोटी. आणि वद्य पंचमीचा चंद्र कधी उगवतो? तोही दहाच्या आसपास. तेव्हा लक्षात आलं की त्या किनाऱ्यावर चंद्र उगवायची आणि ओहोटीची वेळ जवळपास एकच असते. मग प्रसंग असा झाला: ती काळोखात निघते, अर्ध्या वाटेवर असताना समोरून चंद्र वर येतो आणि मागे ओल्या वाळूवर तिची सावली पडते. किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याला ती दिसते. पहाऱ्यावर तो असतो.

हे मला आपोआप सुचलं नसतं. पंचांगानं सुचवलं.

किल्ल्यात गेलात तर तटाचे दगड हात लावून पाहा. मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक ठेवले आहेत, लाट फटीतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची विहीर. मी दोन्ही गोष्टी कादंबरीत वापरल्या. आतलं गणपतीचं देऊळ मात्र वापरू शकले नाही, ते १७५९ चं आहे. वापरलं होतं, मग खोडलं.

६. दोन जहाजं नीट शिका, दहा नको

पडाव, मचवा, तरांडं, पाल, शिबाड अशी नावं शोभेला भरू नका. गुराब आणि गलबत एवढी दोन पक्की करा. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, निमुळती काढलेली आणि तिथून समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्हेकरी, वारा पडला तरी चालणारं. इंग्रजांच्या जहाजाच्या तोफा कुशीला. म्हणून आंग्र्यांची माणसं कुशीला जातच नसत. वारा पडायची वाट पाहायची, गलबतांनी गुराब ओढत शत्रूच्या मागे न्यायची आणि पाठीमागून शिडं-डोलकाठ्या फोडायच्या. वारा नसेल तर मोठं जहाज वळू शकत नाही. एवढं कळलं की लढाईचा प्रसंग लिहिता येतो.

आपल्याला दोन गोष्टी आयत्या कळतात. एक सागवान, आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान परवानगीनं तोडायला सांगितलं आहे, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, असंही बजावलं आहे. दुसरी म्हणजे शिडाचं सुती कापड. ओलं सुती कापड किती जड होतं, वाळताना कसं कडक होतं, कुबट वास कसा येतो, हे आपल्याला कोकणातल्या माणसानं सांगायची गरज नाही.

७. तारखांचा घोळ

हा मुद्दा सोडून देऊ नका, याच्यात मजा आहे. १७५२ पर्यंत इंग्रज जुनी दिनगणना वापरत आणि पोर्तुगीज १५८२ पासून नवी. अठराव्या शतकात दोन्हींत अकरा दिवसांचा फरक. १७२१ ला दोघे मिळून कुलाब्यावर आले तेव्हा एकाच सकाळी दोन मित्रांच्या रोजनिशीत दोन तारखा! मराठी कागदांत तिसराच हिशेब: शुहूर सन, हिजरी महिने, तिथी.

शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे १७१३ चा फेब्रुवारी त्यांच्या कागदात १७१२ चा असतो. मी हे न कळता टिपणं काढली, तर कॅथरीनची सुटका फेब्रुवारी १७१२ ला आणि पकड नोव्हेंबर १७१२ ला. दोन दिवस मी डोकं धरून बसले होते.

घोळ कळल्यावर तो कथेत घाला. माझी नायिका पत्रात भेटीची तारीख लिहिते, मध्यस्थ इंग्रज दलाल ती आपल्या हिशेबानं धरतो आणि नायकापर्यंत अकरा दिवस उशिराची तिथी पोचते. कुणीही खोटं बोललेलं नाही, तरी विश्वासघात झालेला आहे. पुढची साठ पानं त्याच्यावर निघाली.

८. कोण कोणत्या भाषेत बोलतंय?

नायक मराठी, नायिका कोंकणी आणि पोर्तुगीज. सुरुवातीला मध्ये दुभाषी ठेवा. तिसरा माणूस कायम समोर बसलेला, चहाटळ असेल तर उत्तमच. तो भांडण सौम्य करून सांगतो, नाहीतर तिखट करून. दोघांना एकमेकांची भाषा हळूहळू कळू लागते आणि एक दिवस ती दुभाष्याला न थांबता उत्तर देते. माझ्या मते आख्ख्या कादंबरीत त्याहून जवळीक दाखवणारी जागा नाही. "प्रेम" हा शब्द त्यानंतर दीडशे पानांनी येतो.

संबोधनं सांभाळा. ती दोघं "तुम्ही"वरच राहतील. "तू"वर कधी येतात ती जागा जपून ठेवा. खलाशी, तांडेल, नाखवा हे शब्द वापरा, पण प्रत्येक शब्दापुढे अर्थ लिहू नका, वाक्यातून कळू द्या. कोकणी बोली येत नसेल तर ओढूनताणून आणू नका. मुंबईच्या मालिकेत वऱ्हाडी ऐकताना आपल्याला कसं होतं, ते आठवा.

९. एकांत कुठून आणणार

गलबतावर पन्नास माणसं, झोपायला फळी. तिथे चांदण्यातला एकांत नसतो. भेटी जमिनीवर करा: गोदामात, शिडं शिवणाऱ्यांच्या पडवीत, विहिरीवर. समुद्रात भेट हवीच असेल तर ती दोन जहाजांच्या मधल्या पाण्यावरून, ओरडून आणि सगळ्यांसमोर. ओरडून सांगता येतील अशाच शब्दांत मनातलं सांगायचं, हे लिहून पाहा, कठीण आहे.

१०. खाणंपिणं आणि बारीक चुका

थोडक्यात: काडेपेटी नाही, चकमक. मिनिटं नाहीत, घटका आणि प्रहर. एक घटका चोवीस मिनिटांची. मिरची चालेल, पोर्तुगीजांनी आणली होती. घरोघरी चहा नाही. खलाशांच्या हिरड्या सुजल्या म्हणून मी संत्री खाऊ घातली होती, आपल्या भागाचं नाव निघावं म्हणून. आंबट फळांचा हा उपाय जेम्स लिंडनं १७४७ ला तपासून पाहिला. १७२० च्या माझ्या वैद्याला तो ठामपणे सांगता येणार नाही. संत्री काढली. पिंपळी मात्र ठेवली, औषधात आणि मसाल्यात ती जुनीच आहे. घरच्या वेलाचा तेवढा मान राखला.

११. छापायच्या वेळी

लेखनाचा हक्क लिहिता क्षणीच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. आयएसबीएन भारतात सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. एका प्रकाशकानं मला "शंभर प्रती तुम्हीच विकत घ्या" अशी अट घातली होती, करारात ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती. शेवटचं पान आधी वाचा.

१२. मोठ्यानं वाचून दाखवा

हा तो घरातला श्रोता. त्यानं समुद्र पाहिलेला नसेल तर फारच बरं. मी रोज संध्याकाळी सासूबाईंना एक प्रकरण वाचून दाखवायची, त्या वाती वळत बसायच्या. जिथे त्यांचे हात चालत राहिले ती पानं मी पुन्हा लिहिली. दस्तक, गुराब, शुहूर सन, कशाचाही अर्थ त्यांनी विचारला नाही. एकदाच थांबवलं. पहारेकऱ्याला सावली दिसते ते प्रकरण होतं, आणि मी पुस्तक मिटून भाकरी टाकायला उठले होते.

"अवं, थांब न. पाणी चढायच्या आंदी पोचली का ते?"

मी म्हटलं, "उद्या सांगते, आत्याबाई."

"उद्या कायचं? आज कोणती तिथी हाय?" म्हणत त्यांनी हात लांबवून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं.